वहिनीचं हायड्रेंजिया आणि आप्पांची कात्री

आमच्या आप्पांच्या हातात कात्री असली की समोर काय आहे ते त्यांना दिसतच न्हाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पटापट कळेल.

आप्पा म्हणजे माझे वडील. परंड्याजवळ आमचा दोन एकर द्राक्षाचा मळा आहे आणि छाटणीत आप्पांचा हात कुणी धरू शकत न्हाय, असं गाव म्हणतं. गावाच्या आधी आप्पाच म्हणतात. द्राक्षाचं कसं असतं, एप्रिलला एक छाटणी आणि ऑक्टोबरला दुसरी. ऑक्टोबरला कापायचं, मग नवी फूट येते आणि तिच्यावर घड लागतात. कापलं न्हाय तर नुसता पाला. हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दारातली जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, सगळ्यांची ऑक्टोबरात हजामत होते. कढीपत्त्यानं काय घोडं मारलंय देव जाणे.

तर वहिनी. तिचं माहेर महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला. दादा तिकडं नोकरीला होता, तिथंच जमलं, मग त्याची बदली बार्शीला झाली आणि ती आमच्यात राहायला आली. पहिल्यांदा माहेराहून परतताना तिनं एस.टी.त मांडीवर एक कुंडी धरून आणली. हायड्रेंजिया. तिच्या आईनं स्वतःच्या दारातल्या झाडाची फांदी लावून दिलेली.

"निळं फूल येतं," वहिनी म्हणाली. "हंड्याएवढं."

"हंड्याएवढं?" मी म्हटलं. "मग खाली टेकू द्यावा लागंल की."

"हसा तुम्ही ताई. आलं की बघा."

आमच्या उन्हात ते झाड टिकवणं म्हणजे बर्फाचा गोळा खिशात ठेवण्यासारखं. पण वहिनीनं टिकवलं. निळा ड्रम अर्धा कापून घेतला, खाली भोकं पाडली आणि लिंबाच्या सावलीत ठेवला, सकाळचंच ऊन लागंल असा. बुडाशी उसाचं पाचट अंथरलं. दुपारी पानं मान टाकायची, हिचा जीव खालीवर. संध्याकाळी पाणी दिलं की पानं उभी आणि ही पण उभी.

मग ऑक्टोबर आला. आप्पा मळ्यातनं आले, कात्री खिशातच.

"सूनबाई, हे लई माजलंय. जरा मोकळं करतो."

नवी सून सासऱ्याला नको कशी म्हणंल? ती नुसतं "मामा..." म्हणाली. तेवढ्यात खट खट खट. वीतभर काड्या उरल्या.

"आता बघ कशी फुटती!"

फुटली ना! लई फुटली. पुढच्या मे महिन्यात पानंच पानं, फूल एकही न्हाय. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात परत खट खट, परत पानंच पानं. आप्पा म्हणायचे, "खत कमी पडलं." आणि माहेरचा फोन आला की वहिनी खोलीत जाऊन हळूच सांगायची, "हो गं आई, फुलं आलीत की. चांगली तीन."

तीन! मी दाराआडून ऐकलं आणि तोंडात ओढणी कोंबली.

मग मी मोबाईलवर शोधलं. हायड्रेंजियाची ही जात फूल धरते जुन्या काडीवर. उन्हाळ्याचं फूल आदल्या हिवाळ्याच्या आधीच काडीच्या शेंड्याच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या गाठीत, तयार होऊन बसतं. म्हणजे आप्पा दरवर्षी नेमकी फुलंच कापत होते! मी धावत सांगायला गेले.

"मोबाईल शेती करतो का?" आप्पा म्हणाले. "म्या तीस वर्षं छाटणी केलीय. कापल्याबिगर फळ न्हाय."

"फळ न्हाय आप्पा, फूल!"

"फुलाबिगर फळ येतं व्हय?"

बोला आता.

तिसऱ्या ऑक्टोबराच्या आधी खरा घोळ झाला. वहिनीची आई फोनवर म्हणाली, "मे महिन्यात येते गं. झाड बघायचंय मला." वहिनीचा चेहरा पाचटासारखा. तीन फुलं मोजून सांगितलेली होती ना!

सासऱ्याला नको म्हणवत न्हाय, पण वहिनी डोकेबाज. आप्पा मळ्यातनं यायच्या वेळेला तिनं दोन फांद्या मागं वाकवल्या, ड्रमच्या पाठीमागं सुतळीनं बांधल्या आणि वरनं ओलं बारदान टाकलं. मी पहाऱ्याला. आप्पा आले, पुढचं सगळं कापलं, खुशीत चहा प्याले. एक फांदी वाकवताना मोडली होती. एक वाचली.

एप्रिलात त्या एका फांदीच्या टोकाला हिरवा गड्डा आला, बारक्या फ्लॉवरसारखा. वहिनी दिवसातनं दहा वेळा बघायची. मग तो फुलला, आणि निघाला गुलाबी!

"निळं म्हणाली होतीस," आप्पा लगेच.

"पाणी तुमच्या बोअरचं आहे मामा," वहिनी पहिल्यांदाच फाडकन बोलली. खरंच होतं. आमच्या खारट पाण्यानं आणि चुनखडीच्या मातीनं निळ्याचं गुलाबी होतं.

वहिनीची आई आली. चहा पण घेतला न्हाय, सरळ ड्रमपाशी. फूल बघितलं, हात फिरवला. मग बाकीच्या काड्या बघितल्या.

"ह्या कुणी कापल्या गं?"

आप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला.

"शेळीनं खाल्ल्या," वहिनी म्हणाली.

आईनं एक काडी वाकवून टोक बघितलं. तिरपा काप, एकदम गुळगुळीत. "व्याही," ती पेपराकडं बघून म्हणाली, "तुमच्याकडची शेळी लई शिकलेली हाय. डोळा बघून कापती."

मी फिस्सकन हसले. वहिनीनं पदरात तोंड लपवलं. पेपर हलेना. मग पेपरामागनं आवाज आला, "ती शेळी म्याच हाय, विहीणबाई. पोरीला कशाला खोटं बोलायला लावता?"

आई त्यांच्यासमोर बसली आणि समजावलं. फूल सुकलं की लगेच कापायचं, फुलाच्या खाली जाडे दोन डोळे दिसतात तिथवरच. मेलेली काडी काढायची. मग वर्षभर हात लावायचा न्हाय. आप्पा मान हलवत होते. एवढं निमूट ऐकताना मी त्यांना कधी बघितलं न्हाय. वहिनीनं पण मान खाली घालून आईला सांगून टाकलं, ते तीन फुलांचं.

"ते मला कळलं होतं," आई म्हणाली. "फुललं असतं तर फोटो पाठवला असतास."

जुलैत फूल सुकलं. आप्पा कात्री घेऊन आले आणि उभेच राहिले. "सूनबाई, इथं का?"

"वर, मामा. अजून वर."

"एवढंच? हे काय कापणं झालं?"

पण तेवढंच कापलं.

आता परत ऑक्टोबर चालू आहे. द्राक्षाची छाटणी झाली की आप्पा कात्री मळ्यातल्या खोपीत ठेवून घरी येतात. हात शिवशिवतो म्हणे. ड्रममध्ये सात काड्या आहेत, शेंड्याला टपोरे डोळे. आप्पा रोज सकाळी मोजतात. परवा त्यांनी ड्रमला चारी बाजूनं तारेची जाळी मारली.

मी विचारलं, "हे कशाला आप्पा?"

"शेळीसाठी," म्हणाले. आमच्याकडं शेळी न्हाय.