कुलूप लावलेल्या खोल्यांमधली माणसं

देवासकर मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. आज जनगणनेच्या ड्यूटीवर सोनकच्छच्या पुढच्या एका गावात होते. रस्ता नवाकोरा, सिमेंटचा. त्यावर बस तेवढी नाही. होती, ती बंद झाली. मी आपली स्कूटर रेटत गेले.

पहिल्याच घरात रामकुंवरबाई भेटल्या. घरात कोण कोण राहतं विचारलं, तर मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांची नावं घडाघडा सांगितली. मागच्या दोन्ही खोल्यांना कुलूप होतं.

"काकी, ये सब हैं कहाँ?"

"देवास में, फैक्टरी में. बस बंद हुई तो रोज का आना-जाना छूट गया. वहीं कमरा ले लिया."

म्हटलं, मग त्यांची नोंद तिकडे होणार. त्यांनी माझा हात धरला. "लिख लो मैडम. कम लिखोगा तो बस कदी नी आवेगी."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. गेलेल्या माणसांना सगळं गाव असं घरात बसवून ठेवतंय. मी नियमाप्रमाणे राहणारे तेवढेच भरले.

परतताना राग आवरेना, म्हणून सोनकच्छच्या स्टँडवर एका बसमालकाला गाठलं. "भिया, उस गाँव की बस क्यों बंद की?"

तो शांतपणे म्हणाला, "मैडम, उधर रहता कौन है?"

रामकुंवरबाईंच्या घरात एकच माणूस राहतं, हे सकाळी मीच मोबाईलवर भरून आले होते.