पालथी पाटी

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली, पण नातवाच्या ओल्या पाटीचा वास आला आणि राहवेना. महाराजांच्या राज्यात, कोल्हापूरच्या शाळेत बीजगणिताची परीक्षा होती. बेरीज तेरा आणि गुणाकार छत्तीस होईल असे दोन आकडे शोधून अवयव पाडायचे आणि पाटी मास्तरांच्या मेजावर पालथी घालायची, एकावर एक. शेजारी बसलेला, बोर्डिंगात राहणारा नेसरीचा मुलगा ताळा पाहत होता, तेवढ्यात मी त्याचे उत्तर उतरवून पाटी आधी ठेवली. आम्हा दोघांचीच उत्तरे बरोबर निघाली, तीही ओळीन् ओळ सारखी. "तुझी पाटी वर, म्हणजे मागून ठेवलेली; चोर तू! बोर्डिंग सोड," मास्तर त्याच्यावर गरजले. "खरं सांग की, गड्या," तो मला म्हणाला. मी दप्तर आवरू लागलो. तो गावी गेला. पुढे दोनदा मी नेसरीच्या वाटेवर गडहिंग्लजपर्यंत जाऊन परतलो. चोर मी होतो, एवढेच त्याच्यासमोर कबूल करायचे होते.