बापाच्या वावरावर बोटी

आटत चाललेल्या धरणावर बोटी चालवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो, असं कुणी विचारलं तर मी उन्हाचं नाव घेणार नाही. रविवारी अकोल्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकांचं घेईन. गाडी भिंतीजवळ लावायची, गॉगल कपाळावर चढवायचा, भेगाळलेल्या गाळाकडे बघायचं आणि मला विचारायचं, "पाणी कुठे गेलं हो?" जसं काही मीच ते पिऊन बसलो होतो. तुमच्याच नळातून गेलं, हे ओठांवर आलेलं मी गिळायचो आणि जाकिटं पुढे करायचो. धंदा म्हटला की गिळावं लागतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात गिळणं फारच झालं. पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेला होता. मूर्तिजापूरच्या बाजूचं आमचं हे धरण तसं लहानच. दिवाळीला घाटाच्या चार पायऱ्या उघड्या होत्या, संक्रांतीला सगळ्याच उघड्या पडल्या आणि होळीपर्यंत घाटाचा पाण्याशी काही संबंधच उरला नाही. माझ्याकडे पायडलच्या सहा बोटी. निळ्या ड्रमांचा एक तराफा बांधलेला, त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोटीत उतरायचं. पाणी मागे सरकलं की तराफा पुढे सरकवायचा, हे दर आठवड्याचं काम. गाळात गुडघ्यापर्यंत रुतत, शिव्या देत, मी आणि दोन गडी तो ओढायचो. उथळ पाण्यात राहिलेल्या बोटींचे तळ बाभळीच्या जुन्या खुंटांवर घासून फाटायचे. पाच फूट पाण्याखाली असलेला खुंट कुणाला त्रास देत नाही. दीड फुटावर आला की तो बोट फाडतो. ते खुंट कुठे कुठे आहेत हे मला नकाशाशिवाय पाठ होतं, कारण ते आमच्याच वावरातले होते.

होय, आमच्याच. धरण झालं तेव्हा मी चौथीत होतो. बापानं मोबदला घेतला, सही केली, आणि आमचं काळंभोर वावर पाण्याखाली गेलं. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा असलेला दादा तेव्हा त्या वावरात औत हाकायचा. मी फक्त बांधावरची बोरं खाल्ली होती. फरक इथूनच सुरू होतो. मला त्या जागी पाणी दिसलं आणि मोठेपणी मी तिथे बोटी आणल्या. दादाला तिथे कायम वावरच दिसत राहिलं. माझ्या बोटीत तो एकदाही बसला नाही. त्याची नातवंडं बसली, वहिनीसुद्धा एकदा लाजत लाजत बसली, पण हा माणूस घाटाच्या वरच्या पायरीवरून खाली उतरला नाही.

पाणी आटलं की मात्र तो उतरायचा. धरणाचा तळ उघडा पडला की त्या गाळात गाळपेर होते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना सरकार त्या हंगामापुरते तुकडे देतं, टरबूज, खरबूज, काकडी लावायला. अर्ज करायचा, यादीत नाव येतं, तुकडा मोजून मिळतो. त्या साली तुकडे पलीकडच्या काठाला मोजून दिले होते. गावातल्या बाकीच्यांनी निमूटपणे अर्ज केले. दादानं केला नाही.

"बापाच्या वावराले अर्ज करू?" असं तो पंचायतीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला. "माह्या वावराचा धुरा मले ठाव आहे. कोनी मोजून द्यायची गरज नाही."

आणि तो अलीकडच्या काठाला, एकटाच, नेमका आमच्या जुन्या वावरात जाऊन उभा राहिला. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्याकडे त्यावरून भावाभावांची डोकी फुटतात. हा धुरा तर पस्तीस वर्षं पाण्याखाली होता, वर फूटभर गाळ बसला होता, तरी यानं खुंटांवरून अंदाज घेत पावलं टाकली आणि बरोबर कोपऱ्यातल्या दगडावर जाऊन पाय ठेवला. मी तराफ्यावरून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला होता. तो आठ दिवस टिकला.

कारण नवव्या दिवशी मला कळलं की माझी पाण्याकडे जायची वाट त्याच वावरातून जाते. घाटापासून पाण्यापर्यंत आता दोनशे पावलं गाळ होता आणि वाळून टणक झालेला एकच पट्टा होता. त्या पट्ट्यावरून मी बोटी ओढायचो, त्यावरूनच गिऱ्हाईक चालत यायचं. दादानं त्यात आळी खणली, शेणखत टाकलं, टरबुजाचं बी लावलं, आणि वाटेच्या तोंडाशी बोराटीच्या काट्या आडव्या टाकल्या.

मी पहिल्यांदा गोडीनं बोललो. "दादा, दोन हात वाट ठेव ना. बाकी सगळं तुह्यंच आहे."

"तुह्यं बी होतं," तो म्हणाला. "तुले पाह्यजे होतं तवा तुनं काय केलं? पाण्यावर पायडल मारले."

मग गोडी संपली. गिऱ्हाइकांना मी ओल्या गाळातून लांबून वळसा घालून न्यायला लागलो. लोकांच्या चपला रुतायच्या, बायका साड्या उचलून मला बोलायच्या. एका रविवारी अमरावतीचं एक कुटुंब आलं होतं, चांगली दहा-बारा माणसं. त्यातल्या एका पोरानं काट्या बाजूला करून वेलांवरून पाय टाकला. दादा हातातलं फावडं घेऊन उठला. मारलं नाही, पण त्या सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून ओरडला, "याले इचारा! बापाच्या छातीवरून लोकायले फिरवते अन् तिकीट घेते हा!"

ते कुटुंब बोटीत न बसताच परत गेलं. जाताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दिवसापासून मी दादाशी बोलणं टाकलं. त्याची टरबुजं दिवसागणिक फुगत होती आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. माणूस टरबुजाला शिव्या देतो इतका राग असू शकतो, हे मला त्या वर्षी कळलं. त्याचंही त्या उन्हाळ्यात तेवढंच एक पीक होतं. रब्बीचा हरभरा कोरड्यानं गेला होता, घरात दुसरं काही येणार नव्हतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी शिव्या देत होतो.

एप्रिलात एका दुपारी मी घरी जेवत असताना फोन आला. वरच्या अंगाला एक मोठं धरण आहे, तिथल्या चौकीदाराचा. माझी त्याची जुनी ओळख.

"शहराच्या पिण्यासाठी पाणी सोडून राहिले," तो म्हणाला. "उद्या सांजच्याले दार उघडतीन. तुमच्याकडं पहाटपर्यंत पोचते. चार फूट तरी चढन. बोटी सांभाळजो."

"अन् गाळपेरवाल्यांले?"

"त्यायले सांगतलं ना. यादी पाहून एकेकाले फोन लावले."

बायको शेजारी बसून भाकरी वाढत होती. तिनं सगळं ऐकलं. "दादायले सांगा बरं लगेच," ती म्हणाली. मी म्हटलं, "सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धरणावर गेलो. पाणी चढणार असलं की बोटींचे दोर लांब करावे लागतात. आखूड दोरानं खुंटीला बांधलेली बोट पाण्याबरोबर वर उठत नाही, नाकावर ओढली जाते आणि भरून बुडते. म्हणून मी सहाही बोटींना आणि तराफ्याला नवे लांब दोर बांधायला बसलो. पलीकडच्या काठावर लोकांची धावपळ चालली होती. टरबुजं तोडून ट्रॅक्टरमध्ये भरत होते. एवढ्या लांबून ती नेहमीची तोडणीच वाटत होती, आणि दादाला भावानं सांगितलंच असेल असं सगळ्यांनी धरलं असणार. माझ्यापासून शंभर पावलांवर दादा वेलांवर कापसाच्या वाळक्या पळाट्या पसरत होता, उन्हानं फळं भाजू नयेत म्हणून.

त्यानं मला बराच वेळ पाहिलं. मग महिन्याभरात पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"कावून बे, दोर कावून लांब करून राहिला?"

आत्ताही मला तो क्षण जसाच्या तसा आठवतो. माझ्या हातात अर्धवट मारलेली गाठ होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याला अख्खा दिवस मिळाला असता. पोरं, नातवंडं, वहिनी सगळे आले असते, जी फळं तोडण्याजोगी होती ती तरी हाती लागली असती. आणि मला आठवत होती ती अमरावतीची म्हातारी आणि तिची नजर.

"जुना सडला होता," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा पळाट्या पसरायला लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पोचलो तेव्हा पाणी येऊन थांबलं होतं. माझ्या सहाही बोटी ऐटीत तरंगत होत्या. पट्टा नव्हता, काट्या नव्हत्या, आळी नव्हती. गढूळ पाण्यावर टरबुजांच्या हिरव्या पाठी वर आल्या होत्या. काही सुटून वाहत होती, बरीचशी वेलाला धरून जागच्या जागी हेलकावत होती. वेलांना लांब दोर कुणी बांधला नव्हता. दादा छातीइतक्या पाण्यात उभा होता. दोन फळं त्यानं काखेत धरली होती आणि गाळातून त्याचा पाय निघत नव्हता.

मी बोट सोडली आणि पायडल मारत त्याच्याजवळ गेलो. त्यानं काखेतली फळं आधी बोटीत टाकली, दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरून तो वर चढला आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसला. पायडलच्या बोटीत दोघांनी पाय मारावे लागतात, नाही तर ती जड जाते. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यानं पाय मारले. मी दांडा वळवायचा, त्यानं वाकून फळ उचलायचं आणि मागे टाकायचं. असं आम्ही बापाच्या अख्ख्या वावरावर फिरलो, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. तो काही नुसता फिरत नव्हता. कोणतं आळं कुठे होतं ते त्याला पाण्यावरूनही ठाऊक होतं.

बोट भरल्यावर आम्ही घाटाकडे वळलो. तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "पलीकडच्यायले कवा समजलं होतं?"

मी पायडल मारत राहिलो.

"दोर सडला होता म्हने," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि सगळं भांडणात जिरून गेलं असतं.

घाटावर त्यानं फळं उतरवली. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग त्यातलं सगळ्यात मोठं टरबूज उचलून त्यानं बोटीत, तो बसला होता त्या सीटवर ठेवलं.

"हे काय, दादा?"

"तिकीट," तो म्हणाला. "फुकट नाही बसत मी कोनाच्या बोटीत."

आणि तो पायऱ्या चढून गेला. तो दिवस आणि आजचा दिवस, तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही. यंदा पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलंय, बोटी दणक्यात चालतात, अकोल्याचे लोक मला विचारतात, "एवढं पाणी कुठून आलं हो?" मी जाकिटं पुढे करतो.

ते टरबूज मी घरी नेलं होतं. दुसरं कुठे ठेवायचं ते मला कळलं नाही. बायकोनं ते ओसरीवर चिरलं. आत पांढरंफटक होतं, बियासुद्धा कोवळ्या. अजून पंधरा दिवस तरी हवे होते. ती सुरी हातात धरून तशीच बसली.

"तुमी सांगतो म्हटलं होतं ना त्यायले?" तिनं विचारलं.

"त्याचं नाव यादीत नव्हतं," मी म्हणालो.