नळीतल्या रेघा

भिंतीवरच्या बंदुकीला तेल लावलं की त्या वासाबरोबर मला अकोल्याचा बाजार आठवतो. कापसाचा भाव तेव्हा रोज चढत होता. काळविटं आमचा हरभरा खात आणि माणूस दिसताच लांब जाऊन उभी राहत, म्हणून लांबवर मारणारी बंदूक घ्यायला मी धाकट्या भावाला घेऊन गेलो होतो.

दुकानदाराने पुढे केलेल्या बंदुकीची नळी मी उन्हाकडे करून आत डोळा लावला. आत पीळ दिल्यासारख्या रेघा होत्या.

"हे तं आतून चिरली हाय. आमाले फसवून राहिले का?"

"पाटील, त्या रेघांनंच गोळी लांब अन् सरळ जाते. चला गावाबाहेर, झाडून दाखवतो."

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, पाहून तं घेऊ."

"नमुना सारेच चांगला दाखवतात," मी म्हणालो आणि गुळगुळीत नळीची बंदूक उचलली. तिची गोळी काळविटापर्यंत कधीच पोचली नाही.

दुकानदार खरं बोलत होता. पण त्याच सकाळी, त्याच बाजारात, मी वर कोरडा थर ठेवून पाणी मारलेला कापूस विकून आलो होतो.