लंकाबाईंच्या वाटीचं वजन

लंकाबाईंची नानकटाई जिभेवर ठेवली की विरघळायची. कृती विचारली तर त्या आढेवेढे घेत नसत: दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर तूप. तेवढं ऐकून घरी गेलेल्या बायकांची नानकटाई मात्र कोरडी, पिठूळ व्हायची. मग पंचवटीतल्या भजनी मंडळात टाळ वाजायच्या आधी हाच विषय निघे, की बाई एखादा जिन्नस पोटात ठेवतात.

सत्त्याण्णव साली दसरा झाल्यावर बेकरीवाला महेश घरी आला. दिवाळीला मावशींची नानकटाई विकायची आणि पाकिटावर त्यांचंच नाव छापायचं, म्हणाला. लंकाबाईंचं नाव तोवर एकदाच छापून आलं होतं, लग्नपत्रिकेत, आणि तेही माहेरचं. त्या लगेच हो म्हणाल्या. महेशची अट एवढीच, की बेकरीत वाट्या चालत नाहीत, सगळं वजनावर हवं. एक घाणा करून बघू. जमला तर छपाई, बिघडला तर राम राम.

वजनाचं काम त्यांच्या यजमानांनी, रंगनाथ गुरुजींनी, आपणहून अंगावर घेतलं. चौतीस वर्षं त्यांनी चौथीला गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर घरात शिकवायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी वाटीत पाणी भरलं, ते दीडशे ग्रॅम निघालं, आणि मैदा, साखर, तूपही वाटीला दीडशेच, असा निकाल लावून टाकला. वाण्याने तराजूवर मैद्याची वाटी ठेवली, तर ती एकशे दहाच भरली. गुरुजी म्हणाले, मैदा हलका दिलाय.

मग मात्र एकेक जिन्नस वाण्याच्या तराजूवर चढला. लंकाबाईंनी नेहमीसारखी शीग लावून वाटी भरली, गुरुजींनी ती अलगद पारड्यात ठेवली, आकडे फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवले आणि खाली सही केली. न जाणो, कोणी दुसऱ्याने श्रेय घेतलं तर.

घाण्याच्या दिवशी गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून लंकाबाईंबरोबर बेकरीत गेले. पहिला ट्रे बाहेर आला. महेशने एक नानकटाई उचलली आणि बोटातच तिचा भुगा झाला.

कारागीर सावळीराम म्हणाला, "मावशी, ही खायची, का कपाळाला लावायची?"

गुरुजींनी भट्टीवर संशय घेतला, मग तुपावर, मग महेशच्या तराजूवर. कागदावर घेतला नाही. महेश हात पुसायला लागला, तशा लंकाबाई म्हणाल्या, "एक किलोपुरतं मला माझ्या हाताने करू दे. नाही जमलं तर घरी जाते."

गोणीपुढे बसून त्यांनी वाटी भरली, परातीत ओतली, आणि परातीतला मूठभर मैदा परत गोणीत टाकला. दुसरी वाटी ओतली, पुन्हा मूठभर परत. नांदगावला लहानपणी आईने लावलेली सवय होती. घेतल्या पिठातलं थोडं अन्नपूर्णेला परत द्यायचं, म्हणजे डबा रिता होत नाही. कृती सांगताना हे सांगायचं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. स्वयंपाकाआधी हात जोडले, हेही कोणी कृतीत सांगत नाही.

गुरुजी बघत राहिले. "अगं, हे तू रोज करतेस?"

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," लंकाबाई म्हणाल्या. "तुम्ही आज बघितलंत."

हा ट्रे निघाला तेव्हा सावळीरामने एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरी खिशात टाकली. महेश उत्साहात आला. एक मूठ वजन करून द्या, कागदातून वजा करतो, म्हणाला. लंकाबाईंनी हात मागे घेतला.

"ते देवीचं आहे. त्याला तराजू लावायचा नाही. मी पुन्हा मैदा काढते, परातीत उरेल तो मोज."

महेशने परातीतला मैदा मोजला आणि सहीच्या वरचा मैद्याचा आकडा गुरुजींच्या देखत खोडला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी पाकिटं आली. वर ठळक अक्षरात नाव होतं, सासरचं. लंकाबाईंनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं. गुरुजींनीही वाचलं, एखादी चूक सापडते का ते बघायला.