साडूची डेन्मार्कची नोकरी

नोकरी कशी करू नये हे ज्याला पाहायचं असेल त्याने नंदुरबारला येऊन माझ्या साडूला पाहावं. आणि नोकरी किती जीव लावून करता येते हे पाहायचं असेल तरीही त्यालाच पाहावं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा घराच्या मागच्या खोलीत बसून डेन्मार्कमधल्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरातल्या कपाटांचे नकाशे काढतो. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एकच मांडणी आहे, तीही दोरीने खिडकीला बांधलेली, पण तो विषय वेगळा. कंपनी डेन्मार्कची असली तरी हा नोकरी नंदुरबारचीच करतो. म्हणजे साहेब तो शेठ, आणि शेठसमोर बसायचं नाही. कॉम्प्युटरवर साहेबाचा चेहरा दिसला की हा उठून उभा राहतो, आणि तिकडे त्या बिचाऱ्याला फक्त शर्टाची बटणं दिसतात. 'मला नुसत्या नावाने हाक मार' असं साहेबाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तर याची झोप उडाली. शेवटी नावापुढे 'भाऊ' लावून त्याने सुटका करून घेतली.

एकदा साहेबाने स्वतः काढलेला नकाशा याला दाखवला आणि विचारलं, यात काही चुकतंय का? त्यातला खण उघडला की थेट दाराला धडकणार, हे याला पहिल्या नजरेत दिसलं होतं. हा म्हणाला, फार सुंदर. पुढे कपाट बसलं, खण धडकला, आणि दिसत होतं तर बोलला का नाहीस म्हणून साहेब चिडला. साडू माझ्याकडे येऊन म्हणतो, "शेठनी चूक शेठले दाखाडतस का कोनी?" मी कपाळावर हात मारला. चुलत मेहुणीच्या साखरपुड्यासाठी अर्धा दिवस हवा होता, तर याने साहेबाला मेहुणीची सगळी वंशावळ लिहून पाठवली. साहेबाचं उत्तर आलं: रजा तुझी आहे, कारण सांगायची गरज नाही. कुणीही खूश झालं असतं. हा दोन दिवस नीट जेवला नाही. "कारनबी इचारं नही त्यानी," म्हणत होता.

असा हा माणूस यंदा ऐन मिरचीच्या हंगामात, भर दुपारी आमच्या पेढीवर येऊन उभा राहिला. मी मिरचीच्या पेढीवर कारकून आहे. बाहेर गाड्यांची रांग, आत ठसक्याने सगळ्यांचे डोळे लाल, त्यात याचे जरा जास्तच.

"साडूभाऊ, माले काढी टाकं."

साहेबाने म्हणे सांगितलं होतं, उद्यापासून तीन आठवडे कामाला हात लावू नकोस, आराम कर, बायकोमुलांबरोबर राहा. वर कॉम्प्युटरवरचं कामाचं दारही बंद करून टाकलं होतं. मलाही ते खरंच वाटलं. घर याच्या एकट्याच्या पगारावर, मुलगी नाशिकला शिकायला. आणि आमच्या पेढीवरून 'थोडे दिवस घरी आराम कर' ऐकून गेलेला माणूस परत आलेला मी तरी पाहिलेला नाही. मी त्याच संध्याकाळी आमच्या पेढीच्या शेठकडे त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकला. शेठ म्हणाले, बघू.

साहेबाला सरळ विचारा, असं मी चार वेळा सांगितलं. "काढेल मानुसनी इचारानं नही ऱ्हास," एवढंच उत्तर. शेवटी तिसऱ्या दिवशी शेठची विनवणी करून मी तासाभरासाठी सुटलो, त्याच्या घरी गेलो आणि त्याच्याच फोनवरून माझ्या मोडक्या इंग्रजीत साहेबाला विचारलं. साहेब आधी घाबरला, कुणी गेलं की काय म्हणून. मग म्हणाला, ही त्याची वर्षाची रजा आहे, पगार चालू आहे. त्याने ती घेतली नाही तर जाब मला द्यावा लागेल, आणि सुट्टीत तो मला फोन का करतो आहे? साडू माझ्या शेजारी उभा होता, अर्थात उभाच.

मला एवढा ताप दिल्याबद्दल त्याने मला चौकात चहा पाजला. पण चेहरा काही उजळेना. मी वैतागलो. म्हटलं, आता काय राहिलं?

"पगार शे, सुट्टी शे, समदं शे," तो म्हणाला. "पन उद्या माले काही व्हयनं ते तठून कोन येई? तुमनी माय गयी तवय तुमना शेठनी खांदा दिधा."

ते खरं होतं. शेठ अनवाणी चालले होते स्मशानापर्यंत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनीच रिक्षा पाठवली होती, गाड्या खोळंबल्यात म्हणून, आणि मी त्याच रिक्षात बसून कामावर गेलो होतो. दहाव्याला मी भावाला एकट्याला पाठवलं. ते अजून सलतं.

"काय येड्यासारखं बोलतस," मी म्हणालो. "आम्ही मरनूत का? मी येसू ना."

त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती त्यात, खरीच काळजी होती.

"तुमले सुट्टी भेटी का?"

तास होऊन गेला होता, आणि खिशातला फोन मघापासून वाजत होता.