पुलाशी बसणारी हरणाबाई

तामलवाडीत आमच्या घराला लागूनच हरणाबाईचं घर. तोंडावर मी तिला आत्या म्हणते, अहो-जाहो करते. मनातल्या मनात मात्र अगं-तुगंच, कारण तिनं माझी पोरगी पळवली.

तसं बघाय गेलं तर बाईचं काय न्हाय. दारात शेळ्या, दातांना मिश्री, अन् बोलणं जेवढ्यास तेवढं. नवरा जवानीतच गेला. लेकाला शेळ्यांवरच मोठं केलं. तो सोलापुरात नोकरीला हाय, आईला बोलवून बोलवून थकला. ही म्हणती, मग शेळ्या कुणी बघायच्या?

माझी शिवांजली दुसरीत. दिवाळीपासनं तिला शाळेचं भ्या बसलं. सकाळ झाली की पोटात कळ, हातपाय गार, अन् ओढ्यावरच्या पुलाशी आली की थांबलीच. पलीकडं शाळा. म्या काय कमी केलं? पोटाशी धरलं, मीठ-मिरच्या उतरून टाकल्या, डॉक्टर केला, तिच्याबरोबर रडले. अन् दर बारीला तिला घरी माघारी आणलं. गुरुजी म्हणले, असंच चाललं तर पोरीची शाळा सुटंल.

अन् ह्या बाईनं काय केलं? काय बी न्हाय. एक दिवस शेळ्या घेऊन निघाली व्हती. शिवू पुलाशी रडत उभी, मी शेजारी डोळे पुशीत. ही आली अन् कठड्याला टेकून खाली बसली. का रडतीस न्हाय, रडू नको न्हाय. पाण्याला बुजलेल्या शेळीपाशी बसावं तशी बसून राहिली. थोड्या वेळानं पोरगी आपल्या पायानं पूल ओलांडून गेली. माझा जीव भांड्यात पडायचा, तर उलट अंगाचा तिळपापड झाला. पोटात वागवली म्या, अन् गेली कुणाच्या भरवशावर?

मग ते रोजचंच झालं. उठलं की हरणाआज्जी, जेवताना हरणाआज्जी. शेळीचा वास मारणाऱ्या त्या पदरात पोरगी तोंड खुपसायची, अन् माझा धुतलेला पदर तसाच.

चैतात हरणाबाई सोनारीच्या जत्रेला गेली. मनात म्हणलं, बरं झालं, आता माझी पोरगी माझी. पण सकाळी पुलाशी शिवू थांबलीच. उचलून घ्याय वाकले, तर ती मागं सरली.

"आई, तू खाली बस ना."

बसले. चांगल्या साडीनिशी धुळीत बसले. येणारीजाणारी बघत व्हती. तोंडातनं 'चल घरी' निघू ने म्हणून दात आवळून धरले.

"तुझे हात का कापतेत?" शिवूनं इचारलं.

"मला भ्या वाटतंय," म्या खरं तेच सांगितलं.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "वाटू दे. येतं अन् जातं. हरणाआज्जी म्हणती."

अन् गेली. शाळेच्या फाटकातनं वळून हात केला. मला केला, दुसऱ्या कुणाला न्हाय. पोरगी दिसंनाशी झाल्यावर मी तिथंच बसून रडले.

जत्रेहून आली ती हरणाबाई शिवूसाठी रेवड्या घेऊन थेट आमच्या दारात. पोरगी शाळेला गेली का, हे पहिलं इचारलं.

"गेली की आत्या," म्या म्हणलं. "माझ्याबरोबर गेली."

बाईला लई आनंद झाला. डोळ्याला पदर लावला तिनं. पोरीनं पुलाशी तिचंच नाव काढलं, हे मात्र म्या सांगितलं न्हाय. अजून सांगितलं न्हाय.